खाली काही नाही

फुकटचे वाफल असले की मोल्लेवोग गावात कोणाला घरी करमत नाही. खाण कंपनीला हे कोणीतरी नीट समजावून सांगितलं असावं. त्या शुक्रवारी गावच्या सभागृहात शिरलं की तापलेल्या तव्यांचा वास नाकात जात होता. जामच्या बरण्या उघडल्या होत्या, तपकिरी चीजच्या पातळ चकत्या मांडल्या होत्या आणि अख्खं गाव ताटल्या मांडीवर घेऊन बसलं होतं. तोंड भरलेलं असलं की माणूस प्रश्न विचारत नाही. कंपनी काही मूर्ख नव्हती.

राग्ना शेवटच्या रांगेत बसली होती. ती राहते बर्गन शहरात, पण जन्म इथला आणि बाप अजून इथेच, म्हणून खाणीचं कानावर आल्याबरोबर धावली होती. तिचं काम सांगायला सोपं आणि करायला कटकटीचं. समुद्राच्या तळाचा चिखल आणायचा, चाळणीत धुवायचा आणि मागे उरेल तो एकेक जीव ओळखायचा. अर्धं आयुष्य तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून किड्यांच्या अंगावरचे केस न्याहाळण्यात घालवलंय. गावातले लोक विचारतात, “अजून चिखलातच का?” ती म्हणते, “हो, तिथे माणसं कमी भेटतात.”

पुढे पडद्यापाशी अस्लाक उभा होता. कंपनीने सर्वेक्षणाला नेमलेला, ओस्लोचा, तिशीतला, गावाकडे जायचंय म्हणून हातविणीचा स्वेटर घालून आलेला. बोलायला गोड. समोरचा डोंगर फोडून त्यातून धातू काढायचा आणि उरलेला दळलेला दगड पाइपने फिओर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्याच्या, खोल खड्ड्यात सोडायचा, अशी एकूण योजना. खड्डा तीनशे मीटर खोल. वरून काही दिसणार नाही, वास येणार नाही, गावाला नोकऱ्या मिळतील, शाळा टिकेल.

“आणि मुख्य म्हणजे नुकसान कशाचंच नाही,” अस्लाक म्हणाला. “कारण तिथला तळ जवळजवळ निर्जीव आहे.”

राग्नाने हात वर केला. “खड्ड्यातला चिखल किती ठिकाणी काढून बघितलात?”

“धक्क्याजवळ आणि नदीच्या मुखाशी आम्ही भरपूर नमुने घेतले.”

“मी खड्ड्याचं विचारतेय.”

“खड्ड्याच्या वेळी दुर्दैवाने हवा बिघडली. बोट थांबवून ठेवणं शक्य नव्हतं.” अस्लाक हसला. “पण आम्ही नुसते यंत्रांवर विसंबून राहत नाही. स्थानिक ज्ञानाला आमच्याकडे फार मान आहे. ज्याने जन्मभर ह्याच पाण्यात गळांचे दोर टाकले, त्याच्या दारात जाऊन आम्ही विचारलं. तो जे म्हणाला ते शब्दशः अहवालात आहे.”

त्याने बटण दाबलं आणि पडद्यावर हातभर अक्षरं आली. खाली काही नाही. मेलेला तळ आहे. तिथे दोर सोडायचा म्हणजे दिवस फुकट. आणि खाली नाव, आनफिन, मच्छीमार, मोल्लेवोग.

आनफिन म्हणजे राग्नाचा बाप. तो दोन रांगा पुढे बसला होता. त्याची मान कानापर्यंत लाल झालेली तिला मागून दिसली.

आता खरं सांगायचं तर त्या सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं होतं की हे धादांत खोटं आहे. आमच्याकडे मासे लागण्याची जागा कोणी कोणाला सांगत नाही. प्रत्येक घराची आपली खूण असते. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत आणायच्या, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन एका रेषेत आणायच्या, आणि त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतील तिथे दोर सोडायचा. ही खूण बाप मुलाला सांगतो, तीही मरायला टेकल्यावर. बायकोला सांगत नाही, कारण बायकोला भाऊ असतात. आणि परक्याने विचारलं तर म्हणायचं, खाली काही नाही. जितकी जागा चांगली, तितकी तिला शिवी मोठी. मेलेला तळ ही तर सगळ्यात मोठी शिवी, म्हणजे जागा किती सोन्यासारखी असेल ते तुम्हीच ओळखा.

हे अस्लाकला कोणीही सांगू शकलं असतं. अरे पोरा, असं विचारल्यावर आम्ही असंच सांगतो, एवढं एक वाक्य. पण ते वाक्य बोलणाऱ्याला पुढचा प्रश्न येणार, मग तुझी जागा कुठली? म्हणून सगळे मूग गिळून बसले, म्हणजे वाफल. राग्नाच्याही ओठांवर ते वाक्य आलं होतं. पण भर सभेत उठून आपला बाप खोटारडा आहे असं कसं म्हणायचं? तिनेही तोंड मिटलं, आणि त्याचा राग तिला घरापर्यंत पुरला.

घरी आनफिनने बटाटे उकडले, लोणी वितळवलं आणि माशाचे जाड पांढरे तुकडे तिच्या ताटात वाढले. राग्नाने काटा हातात घेतला नाही.

“बाबा, हा मासा कुठला?”

“दुकानातला.”

“दुकानात हल्ली गळ तोंडात ठेवूनच विकतात का? ते बघ, बेसिनमध्ये डोकं पडलंय.”

आनफिन बटाटा सोलत राहिला. “मग काय सांगायला हवं होतं मी? दारात उभ्या परक्या माणसाला कोठीचा पत्ता द्यायचा? त्याला कॉफी दिली, केक दिला. पत्ता नाही देणार.”

कोठी हे त्याच्या घराण्याच्या जागेचं नाव. राग्नाने ते लहानपणापासून ऐकलं होतं, पण ती कुठे आहे हे तिला कधीच कळलं नव्हतं. आज पडद्यावर ते अप्रत्यक्षपणे कळलं होतं, खड्ड्यात कुठेतरी.

“तो कशासाठी विचारतोय हे तुला कळलं नाही?”

“कळलं की. मासे पकडायला.”

“तो ओस्लोहून आला होता, बाबा. पायात पांढरे बूट होते त्याच्या.”

“ओड्लेव अनवाणी आला तरी मी त्याला सांगणार नाही,” आनफिन म्हणाला.

ओड्लेव खाडीपलीकडचा शेजारी. त्याचं आणि आनफिनचं चाळीस वर्षं बोलणं नाही. कोठीत टाकलेला आनफिनचा दोर एकदा कापलेला वर आला होता, तेव्हापासून. कापणारा ओड्लेवच, ह्याबद्दल आनफिनच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि पुरावाही तिळमात्र नव्हता.

“ओड्लेवला चुलीत घाल,” राग्ना म्हणाली. “तू एवढा जिवापाड जपलास तो खड्डा, पोटच्या पोरीला सांगितला नाहीस. आणि ज्याने तो बुजवायचा, त्याच्या हातात तूच फावडं दिलंस. तुझ्या नावाने बुजवणार आहेत ते. पिठासारखा बारीक दगड, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. सगळं गाडलं जाईल.”

“मासे काय खुळे आहेत? जातील दुसरीकडे.”

“मासे जातील. ज्यांना पाय नाहीत, पंख नाहीत, ते कुठे जातील? आणि मासे खातात काय, तुझे बटाटे?”

आनफिनने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, “तुला चिखलच हवाय ना? उद्या नेतो तुला. पण फोन घरी ठेवायचा.”

राग्नाने कपाळाला हात लावला. फोन नाही म्हणजे जागेची नोंद नाही, आणि जागेची नोंद नसलेला नमुना कोण विचारतो? पण तो नेतोय हेच पुष्कळ होतं. तिने गाडीतून आपलं सामान काढलं. प्रयोगशाळेच्या साहेबाने ते सुट्टीच्या दिवसापुरतं दिलं होतं, आणि वर बजावलं होतं की ह्या भांडणात आमचं नाव कुठेही घ्यायचं नाही.

सकाळी होडी धक्क्यापासून सुटली आणि खाडी ओलांडताच आनफिन म्हणाला, “तोंड पुढे कर, माझ्याकडे पाठ.”

“का?”

“आता मी खुणा बघणार आहे.”

“बाबा, मी चोपन्न वर्षांची आहे.”

“म्हणूनच. आता तुझ्या लक्षात राहील.”

ती पुढे तोंड करून बसली. एवढी शिकली, देशोदेशीचा चिखल चाळला, आणि स्वतःच्या गावच्या पाण्यावर ती डोळे बांधलेल्या घोड्यासारखी बसली होती. मागे बाप कधी डावीकडे बघत होता, कधी उजवीकडे, स्वतःशीच पुटपुटत होता. शेवटी त्याने इंजिन बंद केलं.

तिचं यंत्र म्हणजे एक पोलादी जबडा. तळाला टेकला की मिटतो आणि चिखलाचा मोठा घास घेऊन वर येतो. दोर ओढायच्या रहाटावरून त्यांनी तो सोडला. खाली जायला इतका वेळ लागला की आनफिनने थर्मासमधली कॉफी ओतली, आणि वर यायला इतका लागला की ती गार झाली. जबडा उघडला आणि राखाडी, मऊ, गुळगुळीत चिखल टबात पडला.

“हे बघ,” आनफिन म्हणाला. “मी अगदीच खोटं बोललो नव्हतो. चिखलच आहे.”

राग्नाने बाह्या वर केल्या. तिने चाळण घेतली, नळी सुरू केली आणि हलक्या हाताने चिखल धुवायला घेतला. ह्या कामात घाई केली की सगळ्यांचे पाय तुटतात. पाणी गढूळ होऊन वाहत गेलं, आणि हळूहळू चाळणीच्या जाळीवर हालचाल दिसायला लागली. लांब बारीक हातांचे तारामासे, धाग्यासारखे वळवळणारे. अंगावर सोनेरी केस असलेले किडे, काही चिखलाच्या नळीत राहणारे, काही वाळूच्या कणांचं घर बांधणारे. हत्तीच्या सुळ्यासारखे चिमुकले शंख. नखाएवढे शिंपले. करंगळीएवढी समुद्रकाकडी, सगळं अंग आखडून बसलेली. आणि मोरपिसासारखं उभं राहणारं एक केशरी पीस, जे पीस नसून शेकडो तोंडांची एक वसाहत असते.

आनफिनने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि चाळणीवर वाकला. “हे सगळं ह्या चिखलात होतं?”

“एका घासात. असे किती घास मावतील तुझ्या कोठीत, विचार कर.”

“मला वाटायचं मासे तिथे नुसते बसायला येतात.”

राग्नाला हसू आलं आणि त्याच वेळी संतापही झाला. कारण अस्लाकने कॅमेरा जरी खाली सोडला असता तरी त्याला नुसता सपाट चिखल दिसला असता आणि त्याने खाली काही नाही असंच लिहिलं असतं. जीव चिखलाच्या वर नसतात, आत असतात. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. ह्याने तर कॅमेराही सोडला नव्हता. एका म्हाताऱ्याची कॉफी पिऊन तो निघून गेला होता.

मग त्यांनी उताराकडे जाऊन दुसरा घास घेतला. तिथे खडी होती आणि प्राणी वेगळेच. पहिल्या चाळणीतले जेमतेम दोन-चार ओळखीचे, बाकी सगळी नवी वस्ती, खड्यांना चिकटलेले स्पंज, दगडी नळ्यांतले किडे, गुलाबी काटेरी गोळे. होडी हाकेच्या अंतरावर सरकली आणि खालचं गावच बदललं. तिसऱ्या वेळी जबडा रिकामा आला, कारण खाली उभा खडक होता. तेव्हा आनफिनने स्वतःचा दोर सोडला. तो वर आला तेव्हा गळाला मासा नव्हता. लालभडक, दंडाएवढी जाड फांदी होती, झाडाची असावी तशी, आणि तिला मिठी मारून एक तारा बसला होता, ज्याच्या हातांना हात आणि त्या हातांनाही हात फुटत गेले होते.

“समुद्रझाड,” आनफिन म्हणाला. “ह्यांनी माझे दोर खाल्ले जन्मभर. मी शिव्या देऊन परत टाकतो.”

“पोवळं आहे हे. ह्या फांदीचं वय तुझ्यापेक्षा जास्त असेल,” राग्ना म्हणाली. आपल्या गावासमोर हे आहे हे तिलाच माहीत नव्हतं. जगभरचे अहवाल वाचणाऱ्या तिला.

परत येताना तिने त्याला खरं ते सांगून टाकलं. लपवून त्याला सभेत उभं करणं तिला पटलं नसतं. “बाबा, पंधरा दिवसांनी पालिकेच्या बैठकीत मतदान आहे, तिथे तुला जागा सांगावी लागेल. मोठ्याने, सगळ्यांसमोर. आणि समुद्रझाडं आहेत हे नोंदलं गेलं की ती जागा कायद्याने दोराला, जाळ्याला, नांगराला बंद होऊ शकते. पाइप टळेल. पण कोठी तुझीही राहणार नाही.”

“म्हणजे त्यांनी बुजवली तरी गेली आणि तू वाचवलीस तरी गेली.”

“तुझ्यासाठी, हो.”

“माझ्या आजाने ती शोधली,” आनफिन म्हणाला. “एका उन्हाळ्यात, वल्ही मारत.” पुढचे पंधरा दिवस तो फोनवर हवेखेरीज कशाबद्दलही बोलला नाही.

पालिकेची बैठक त्याच सभागृहात झाली. ह्या वेळी वाफल गावच्या बायकांनी केले होते आणि पैसे देऊन घ्यायचे होते, त्यामुळे कमी खपत होते. पालिकाध्यक्ष गुनवोर टेबलाच्या मधोमध बसली होती. ही बाई शाळेत राग्नाच्या पुढे दोन वर्षं, तोंडाने फटकळ आणि मनात काय आहे ते कोणाला कळू न देणारी. योजनेवर मतदान त्याच दिवशी होतं.

राग्नाने बरण्या टेबलावर मांडल्या. तारे, किडे, शंख, समुद्रकाकड्या, लाल फांदी. बोलायला लागली तेव्हा आवाज शांत ठेवायचा असं तिने ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही.

“ज्याला तुम्ही निर्जीव म्हणताय, तिथल्या टबभर चिखलात मला ह्या सभागृहात जितकी माणसं आहेत त्याहून जास्त जातींचे जीव मिळाले. जाती म्हणतेय मी, डोकी नाही. आणि थोडं सरकलं की दुसरेच, अजून सरकलं की तिसरेच. सपाट दिसतं म्हणून सगळं सारखं समजायचं? वरून बघितलं तर मोल्लेवोगही नुसती छपरंच आहे.”

अस्लाक उठला. त्याने बरण्या एकेक करून उजेडात धरून बघितल्या. “सुंदर,” तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं असावं. “पण हे नेमकं कुठून काढलं?”

“खड्ड्यातून.”

“खड्डा मोठा आहे, राग्ना. पाइप सुटणार त्या जागेतून, की फिओर्डच्या तोंडाशी तळ उंचावतो त्या उंबरठ्यावरून? तिथे जीवसृष्टी चांगली आहे हे आम्हीही मान्य करतो. तुमच्याकडे जागेची नोंद आहे?”

नव्हती. हाताखालच्या पोरांना ती ह्याच गोष्टीवरून फाडून खाते, जागा नसलेला नमुना म्हणजे कपाटातली शोभा. तिने बापाकडे बघितलं. आनफिन दोन्ही हातांत टोपी धरून बसला होता आणि ती गोल गोल फिरवत होता.

गुनवोरने विचारलं, “आणखी कोणाला बोलायचंय?”

आनफिन उठला. उठताना त्याने पुढची खुर्ची धरली.

“चर्चचा मनोरा नील्सच्या लाल होडीघरावर यायला हवा,” तो म्हणाला. “आणि स्कोर्वाच्या डोंगरातली खाच धबधब्याच्या बरोबर वर. ती जागा. आम्ही तिला कोठी म्हणतो. पोरीला मी तिथेच नेलं होतं. तिला माहीत नाही, मी तिला माझ्याकडे पाठ करून बसवलं होतं.”

आमच्याकडे असं कधी झालेलं नव्हतं. घराण्याची खूण अशी उघड्यावर सांगताना ऐकणं म्हणजे कोणाला तरी भर रस्त्यात कपडे काढताना बघण्यासारखं होतं, आणि निम्म्या लोकांनी खरोखरच नजर खाली वळवली.

अस्लाकने कागद चाळले. “पण आनफिन, तुम्ही आम्हाला सांगितलं होतं की...”

“खोटं सांगितलं होतं,” आनफिन म्हणाला. “परक्याने विचारलं की इथे खोटंच सांगतात. ह्या हॉलमधल्या कोणालाही विचारलं असतंस तर हेच ऐकलं असतंस. पण तुला विचारायला पाठवलं नव्हतं, बघायला पाठवलं होतं. बघायचा पगार घेतलास, वारा सुटला म्हणून पळालास आणि माझ्या टेबलावर बसून अहवाल लिहिलास. त्याला स्थानिक ज्ञान म्हणतोस? माझं ज्ञान हवं होतं तर होडीत बसायचं होतं माझ्या. पोटातलं सगळं बाहेर आलं असतं तुझ्या, पण तळ तरी बघितला असतास.”

मागून कोणीतरी टेबलावर हात आपटला. अस्लाकचे कान लाल झाले, पण त्याने आवाज चढवला नाही, आणि राग्नाला त्याचाच जास्त राग आला.

“मला समजतं,” तो म्हणाला. “पण आमची अडचण बघा. एकाच माणसाची दोन विधानं आहेत. त्यातलं खरं कुठलं? आज तुमच्या मुलीसाठी बोलताय, तेव्हा कोणासाठीच बोलत नव्हता. त्या जागी मासेमारी केलेलं दुसरं कोणी आहे का, जे दुजोरा देईल?”

किती गोड प्रश्न. ती जागा फक्त आनफिनची, तीन पिढ्या लपवलेली. दुजोरा द्यायला येणार कोण? म्हाताऱ्याने सगळं सांगून टाकलं होतं आणि तरीही त्याच्या हाती काहीच लागणार नव्हतं.

“मी देतो,” खिडकीपाशी बसलेला ओड्लेव म्हणाला.

तो उभा राहिला, एवढा मोठा माणूस, पण शाळेत पकडलेल्या पोरासारखा. “आनफिनने सांगितलं ते बरोबर आहे. फक्त मनोरा होडीघरावर आला की तिथेच दोर सोडला तर अडकतो. होडीच्या लांबीएवढं उत्तरेला सरकावं लागतं. खाली समुद्रझाडांचं रान आहे. मी बऱ्याच फांद्या वर आणल्यात. ह्या बरणीतल्यासारख्या.”

आनफिन हळूहळू त्याच्याकडे वळला. “तुला कसं माहीत?”

“रविवारी तू चर्चमध्ये असतोस,” ओड्लेव म्हणाला.

कोणाच्या तरी घशात वाफल अडकला. गुनवोरने पेन खाली ठेवलं.

“कधीपासून?” आनफिनने विचारलं.

“आपलं बोलणं बंद झालं त्याच्या आधीपासून.”

“म्हणजे माझा दोर तूच कापलास. मी चाळीस वर्षं म्हणतोय.”

“मी नाही कापला. समुद्रझाडावर घासून तुटला तो. त्याचा तरंगता बोया माझ्या डोळ्यांसमोर सैल पडला. पण मी तुला सांगणार कसं? मी तिथे नव्हतोच ना.”

आनफिनचं तोंड उघडं राहिलं. राग्नाच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. “आणि पंधरा दिवसांपूर्वी?” ती ओड्लेवला म्हणाली. “ती हातभर अक्षरं पडद्यावर होती तेव्हा तुला हे बोलता येत नव्हतं? बुजवून टाकली असती त्यांनी.”

“तू तरी कुठे बोललीस?” ओड्लेव म्हणाला. “सगळे खातच होतो की.”

राग्नाने एका बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं. बाकीचे आपापल्या ताटल्यांत बघू लागले.

गुनवोरने फार ताणलं नाही. तिने सदस्यांना हात वर करायला सांगितलं. दोघांनी नोकऱ्यांची आठवण करून दिली, एकाने शाळेची, आणि ते काही खोटं नव्हतं. पण न बघितलेल्या जागेवर पाइप टाकायला हो म्हणायची हिंमत त्या दिवशी बहुतेकांना झाली नाही. योजना परत गेली. आधी खड्ड्याचा तळ नीट तपासायचा, बाहेरच्या माणसांकडून, मग पुढचं बोलायचं. अस्लाकने कागद गोळा केले. जाताना तो राग्नाला म्हणाला की त्याला बोट आणखी दोन दिवस हवी होती, पण कंपनीने दिली नाही. ती म्हणाली, “मग अहवालात तेच लिहायचं होतंस.”

“आणखी एक,” गुनवोर सगळ्यांना उद्देशून म्हणाली. “समुद्रझाडं आहेत हे आता आपण सगळ्यांनी ऐकलंय. मासेमारी खात्याला मी उद्या कळवणार आहे. आजपासून त्या जागी कोणीही दोर टाकायचा नाही, जाळं नाही, नांगर नाही. माहीत नव्हतं असं ह्यापुढे कोणी म्हणू शकणार नाही.”

राग्ना बापाशेजारी जाऊन बसली. त्याला हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरीही तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

“ओड्लेवलाही बंद?” आनफिनने विचारलं.

“त्यालाही.”

“रविवारीसुद्धा?”

“रविवारीसुद्धा, बाबा.”

“मग बरं,” आनफिन म्हणाला, आणि टोपीत तोंड खुपसून रडायला लागला. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. बायका ताटल्या गोळा करू लागल्या, पुरुष खुर्च्या रचू लागले. ओड्लेवने कॉफीचा कप भरला, आनफिनच्या समोर ठेवला आणि काही न बोलता खुर्च्या उचलायला गेला.